अँटिव्हायरस पाच मिनिटं बंद करू का?

"आई, अँटिव्हायरस पाच मिनिटं बंद करू का? गेमचं एक काम आहे." पोरगं असं विचारायला आलं तर समजा, तुमचं नशीब चांगलं. बहुतेक पोरं विचारत नाहीत, बंद करून मोकळी होतात. मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते. पालकसभा संपली, मार्कांचं बोलून झालं की एखाद-दुसरे आईबाबा मागे रेंगाळतात आणि हळूच विषय काढतात, "मॅडम, घरच्या पीसीत रूटकिट शिरलंय म्हणतोय हा. फुकटातलं कुठलं सॉफ्टवेअर टाकू?" व्हरांड्यात उभ्या उभ्या याचं उत्तर देता येत नाही. म्हणून आज जरा निवांत बोलू.

आधी त्या पाच मिनिटांत काय होतं ते पाहा. यूट्यूबवर एखाद्या गेमच्या चीटचा किंवा महागड्या सॉफ्टवेअरच्या क्रॅकचा व्हिडिओ असतो. खाली लिंक असते. डाऊनलोड होते ती झिप फाइल, आणि तिला पासवर्ड असतो. तोही व्हिडिओखालीच लिहिलेला. मुलाला वाटतं, पासवर्ड आहे म्हणजे भरवशाची फाइल दिसते. खरं तर तो पासवर्ड असतो अँटिव्हायरसला आत डोकावता येऊ नये म्हणून. पुढची सूचना, डिफेंडर बंद करा. त्यापुढची, राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करा. मग विंडोज विचारतं, या प्रोग्रॅमला तुमच्या कॉम्प्युटरमध्ये बदल करू द्यायचे का? मूल वाचतसुद्धा नाही, 'यस' दाबतं. त्या एका क्लिकने आलेल्या पाहुण्याला विंडोजमध्ये जवळजवळ हवं ते करायची मुभा मिळते, स्वतःचा ड्रायव्हर बसवायचीसुद्धा.

इतर व्हायरस कॉम्प्युटरमध्ये शिरतात. रूटकिट शिरतं आणि शिरलंय हे दिसू देत नाही. टास्क मॅनेजर उघडा, यादीत त्याचं नाव नाही. फोल्डर उघडा, फाइल नाही. कारण ही यादी विंडोज देतं, आणि रूटकिटने विंडोजलाच फितवलेलं असतं. सोसायटीचा वॉचमनच चोराला सामील असला तर गेटवरच्या रजिस्टरमध्ये चोराची नोंद कशी सापडणार? म्हणून रूटकिट शोधणारं कुठलंही सॉफ्टवेअर निवडताना पहिला प्रश्न एवढाच, ते विंडोजला विचारून तपासतं की विंडोजला बाजूला ठेवून?

रूटकिटचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण चोरीच्या सॉफ्टवेअरचं नाही, दुकानातून पैसे मोजून आणलेल्या गाण्यांच्या सीडीचं आहे. विंडोजचे जाणकार मार्क रसिनोविच २००५ मध्ये अमेरिकेत आपल्याच रूटकिटरिव्हीलर या मोफत साधनाची नवी आवृत्ती चाचपून पाहत होते. साधनाची युक्ती मोठी सरळ होती. फाइलींची एक यादी विंडोजकडून घ्यायची, दुसरी थेट डिस्क वाचून करायची आणि दोन्ही ताडून पाहायच्या. दुसरीत आहे पण पहिलीत नाही, तिथे काहीतरी लपलेलं. रसिनोविच यांच्या स्वतःच्याच मशीनवर असं एक फोल्डर निघालं. माग काढत ते पोचले सोनी बीएमजीच्या एका सीडीपर्यंत. गाण्यांच्या नकला होऊ नयेत म्हणून कंपनीने सीडीबरोबर एक सॉफ्टवेअर गुपचूप बसवलं होतं, आणि ते 'डॉलर-सिस-डॉलर' अशी सुरुवात असलेली प्रत्येक फाइल लपवत असे. कोणाचीही! मग काय, ऑनलाइन गेममध्ये चीटिंग करणाऱ्यांनी आपल्या फाइलींना तसंच नाव द्यायला सुरुवात केली, वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टचा पहारा चुकवण्यासाठी. ते सॉफ्टवेअर हाताने काढायला जावं तर सीडी ड्राइव्हच दिसेनासा व्हायचा. ३१ ऑक्टोबर २००५ रोजी रसिनोविच यांनी हे सगळं जाहीर केलं आणि काही आठवड्यांतच कंपनीला त्या सीडी बाजारातून परत घ्याव्या लागल्या.

गंमत पाहा, रूटकिटरिव्हीलर आजही 'सर्वोत्तम मोफत साधनं' अशा याद्यांमध्ये सापडतं. ते ३२-बिट विंडोज एक्सपीच्या जमान्यातलं आहे, तुमच्या विंडोज ११ वर चालणारच नाही. त्या याद्या एकमेकींवरून उतरवलेल्या असतात, हे ओळखायला एवढं पुरे.

आता एक दिलासा. मुलाने 'रूटकिट' म्हटलं म्हणून ते रूटकिटच असेल असं नाही. ६४-बिट विंडोज सही नसलेला ड्रायव्हर सहसा आत घेत नाही, सिक्युअर बूट चालू असेल तर कॉम्प्युटर सुरू होतानाच बरंचसं अडतं, आणि हे सगळं चुकवणारं रूटकिट लिहिणं खर्चाचं काम आहे. २०२३ मध्ये ब्लॅकलोटसने सिक्युअर बूटलाही गुंगारा दिला, पण असलं महागडं हत्यार सातवीतल्या पोराच्या पीसीवर कोण वाया घालवेल? क्रॅकमधून घरी जे येतं ते बहुतेकदा पासवर्डचोर. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि लॉगिन उचलतं, पाठवून देतं आणि निघूनही जातं. मग दुसऱ्या दिवशी मुलाच्या इन्स्टाग्रामवरून त्याच्या मित्रांना भलत्याच लिंक जातात.

कॉम्प्युटर हळू चालतो ही तर खूणच नव्हे. तो जुनी हार्ड डिस्क आणि ४ जीबी रॅममुळे हळू चालतो. कान टवकारायचे ते वेगळ्या गोष्टींवर. डिफेंडर चालू करायला गेलं तर चालूच होत नाही. अँटिव्हायरस कंपन्यांच्या साइट तेवढ्या उघडत नाहीत. साफ केलेली कीड रीस्टार्ट केल्यावर पुन्हा हजर. यातलं एखादं दिसलं तर तपासणी हवीच.

तर कुठलं सॉफ्टवेअर? माझं पहिलं उत्तर पालकांना फारसं आवडत नाही, कारण त्यात नवीन काही टाकायचं नसतं. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडरची ऑफलाइन तपासणी आधीपासूनच असते. विंडोज सिक्युरिटी उघडा, 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मध्ये जा, 'स्कॅन ऑप्शन्स'वर क्लिक करा. तिथे ऑफलाइन स्कॅनचा पर्याय दिसेल. उघडी कामं सेव्ह करा आणि स्कॅन सुरू करा. कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो, नेहमीचं विंडोज सुरू न करता एका वेगळ्या वातावरणात तपासणी होते. साधारण पाव तासाचं काम. नंतर निकाल 'प्रोटेक्शन हिस्ट्री'त वाचायचा. आपल्याला हवं होतं ते हेच, लपणारा झोपेत असताना झडती. वीस जणांनी सुचवलेल्या वीस साधनांपेक्षा हे एक मला जास्त भरवशाचं वाटतं, आणि यात मुलाच्या हातून बिघडण्यासारखंही फारसं काही नाही.

दुसरं मत घ्यायचं असेल तर मालवेअरबाइट्सची मोफत आवृत्ती घ्या. सुरुवातीला ती प्रीमियमची चाचणी देते. मुदत संपली की पैसे मागते, द्यायची गरज नाही, हाताने तपासणी चालूच राहते. मात्र एक गोष्ट हमखास राहून जाते. तिच्या सेटिंग्जमध्ये 'स्कॅन फॉर रूटकिट्स' असं एक बटण आहे आणि ते मुळात बंद असतं. ते चालू न करता स्कॅन करायचं आणि 'काही सापडलं नाही' म्हणून निश्चिंत व्हायचं, असं कितीतरी घरांत चालतं.

कॅस्परस्कीचं टीडीएसएसकिलर हे छोटं साधन एका विशिष्ट घराण्याच्या रूटकिटांसाठी निघालं. त्या घराण्याने २०१० मध्ये बराच धुमाकूळ घातला होता. मायक्रोसॉफ्टचा एक अपडेट बसवताच लागण झालेल्या मशीनवर निळा पडदा येऊ लागला, तेव्हा कुठे अनेकांना आपल्या घरात पाहुणा आहे हे कळलं. अमेरिकेतला भाऊ किंवा मेहुणी "ते टाकू नकोस" म्हणाली तर चकित होऊ नका, तिथे २०२४ मध्ये कॅस्परस्कीच्या सॉफ्टवेअरच्या विक्रीवर बंदी आली. जीएमईआर हे जुन्या जाणत्यांचं लाडकं, पण घरी नकोच. ते लांबलचक यादी दाखवतं आणि त्यात तुमच्या स्वतःच्या अँटिव्हायरसचीही नावं असू शकतात. दिसेल ते 'डिलीट' करत सुटलात तर विंडोज उठणार नाही. सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र २०१७ पासून आहे आणि त्याच्या साइटवर पुण्याच्या क्विक हीलसह काही भारतीय कंपन्यांची मोफत साधनं मिळतात. ती मुख्यतः बॉट काढण्यासाठी आहेत, पण साइट भरवशाची. लिनक्स वापरणाऱ्या घरांत सीएचकेरूटकिट आणि आरकेहंटर असतात. त्यांच्या इशाऱ्यांतले बरेच पोकळ निघतात, एवढं ध्यानात ठेवून चालवा.

काहीही घ्यायचं तर बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरूनच. 'फ्री रूटकिट रिमूव्हर' असं शोधलं की सगळ्यात वर येते ती जाहिरात असू शकते. फुकट तपासून शेकडो धोके दाखवायचे आणि काढायला पैसे मागायचे, हा तर जुना धंदा आहे. स्क्रीनभर लाल पाटी आली, भोंगा वाजला आणि खाली मायक्रोसॉफ्टचा म्हणून फोन नंबर दिला, तर तो नंबर लावायचा नाही. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर नसतो. आजोबांना ही गोष्ट आवर्जून सांगा, कारण दुपारी घरी तेच असतात. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

मुलांकडून एक वाद हमखास येतो. "पण व्हॅलोरंटचं व्हॅनगार्डसुद्धा रूटकिटच आहे ना?" प्रश्न बावळट नाही, झिडकारू नका. व्हॅलोरंट या गेमबरोबर येणारं व्हॅनगार्ड चीटिंग पकडण्यासाठी विंडोजच्या गाभ्यात ड्रायव्हर बसवतं आणि कॉम्प्युटर सुरू होतानाच जागं होतं. पण ते लपत नाही, यादीत दिसतं, काढताही येतं. तरी इतक्या आत कोणाला शिरू द्यायचं हा घरातला निर्णय आहे. गेन्शिन इम्पॅक्टच्या असल्याच ड्रायव्हरचा गैरवापर करून खंडणीखोरांनी अँटिव्हायरस बंद पाडल्याचं २०२२ मध्ये उघडकीला आलं, तेही कॉम्प्युटरवर गेम नसताना. दुसरी बाजू अशी की विंडोज ११ वर व्हॅलोरंटला सिक्युअर बूट चालू लागतं. आईबाबांनी दहादा सांगून जे झालं नसतं ते गेमने एका झटक्यात करून घेतलं.

आणि तपासणीत खरंच रूटकिट निघालं तर? साफ झाल्याचा मेसेज आला तरी मी त्या विंडोजवर पुन्हा विसंबणार नाही. इंटरनेट तोडा. पासवर्ड बदला, पण त्या कॉम्प्युटरवरून नाही, फोनवरून, आणि सुरुवात ईमेलपासून. फोटो, प्रोजेक्ट, कागदपत्रं तेवढी बाजूला काढा, प्रोग्रॅम नकोत. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर बिटलॉकरची रिकव्हरी की आधी शोधून वहीत लिहून ठेवा. मग दुसऱ्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून पेन ड्राइव्ह तयार करून विंडोज नव्याने टाका. कोपऱ्यावरचा दुकानदार "फॉरमॅट मारून देतो, ॲक्टिव्हेट करून" म्हणाला तर विचारा, लायसन्स कुठलं? फुकट ॲक्टिव्हेट करणारी ती फाइल आणि मुलाने आणलेला क्रॅक यांत तपासून पाहिल्याशिवाय फरक सांगता येत नाही, आणि तीही डिफेंडर बंद करूनच चालवतात.

मात्र या सगळ्याच्या आधी मुलाशी बोला. काय डाऊनलोड केलं, कुठल्या लिंकवरून, कधी आणि त्या वेळी ब्राउझरमध्ये कोणाकोणाचे लॉगिन उघडे होते, हे तुम्हाला कुठलंही सॉफ्टवेअर सांगणार नाही. ते फक्त त्याला ठाऊक आहे. बाबांचं नेटबँकिंग त्याच ब्राउझरमध्ये होतं का, हे कळायला हवं असेल तर पहिल्या वाक्यालाच आवाज चढवून चालणार नाही. एका आईने मला सांगितलं, "मी आधी जेवायला वाढलं, मग विचारलं." लिंक मिळाली, तारीखही मिळाली, आणि पासवर्ड कुणाकुणाचे बदलायचे ते दोघांनी मिळून कागदावर लिहून काढलं. रागवायचं ते नंतर रागवली, तो तिचा हक्कच होता.

विंडोज नव्याने टाकलंत की मुलासाठी वेगळं, साधं अकाउंट काढा आणि ॲडमिनिस्ट्रेटरचं तुमच्याकडे ठेवा. मग 'यस' दाबण्याआधी त्याला तुमच्याकडे यावं लागेल, आणि तुम्हाला विचारता येईल, "हे कशासाठी रे?" फक्त त्या अकाउंटचा पासवर्ड त्याची जन्मतारीख ठेवू नका.