मुलाच्या मापाची थेरपी

स्वमग्न मुलांची विशेष शिक्षिका म्हणून काम करताना पालकांकडून सतत एकच प्रश्न येतो : "ताई, सगळ्यांत चांगली थेरपी कोणती?" मूल कसं आहे हे कळल्याशिवाय याचं उत्तर कोणीही देऊ नये. या कामातून माझ्या मनात जे पक्कं झालं, ते लिहिते.

1. गुणांवरून आराखडा ठरत नाही.

आपल्याकडे प्रमाणपत्रासाठी 'इसा' ही चाचणी घेतात. 40 मुद्दे, प्रत्येकाला 1 ते 5 गुण. 107 ते 153 आले की 'मध्यम' स्वमग्नता. प्रमाणपत्र काढाच, सवलती त्यावरच मिळतात. पण बेरीज सारखी आली म्हणून मुलं सारखी होत नाहीत. एक मूल घडाघडा वाचतं, पण शाळेची घंटा वाजली की कान दाबून खाली बसतं. दुसरं एक शब्द बोलत नाही, पण भर मंडईत मजेत फिरतं. या दोघांना एकच वेळापत्रक दिलं तर दोघांचंही नुकसान होतं.

2. 'हट्टी' म्हणण्याआधी दुखतंय का ते बघा.

एक मुलगा अचानक स्वतःच्या गालावर मारून घ्यायला लागला. वागणूक सुधारण्याचा तक्ता करायला घेतला होता, तेवढ्यात त्याची आई म्हणाली, "हल्ली तो उजव्या बाजूनं चावतच नाही." दाढ किडली होती. दाताच्या डॉक्टरांनी उपचार केले आणि मारणं थांबलं. बद्धकोष्ठता, कानदुखी, अपुरी झोप, फिट्स हे सगळं आधी तपासून घ्यावं. ज्याला सांगता येत नाही, तो वागण्यातूनच सांगतो.

3. घरची भाषा सोडू नका.

"मराठी बंद करा, फक्त इंग्रजी बोला, नाहीतर मूल गोंधळेल," हा सल्ला अजूनही दिला जातो आणि मला त्याचा मनापासून राग आहे. दोन भाषा कानावर पडल्यामुळे स्वमग्न मुलांचं बोलणं मागे पडतं, असं संशोधनात दिसलेलं नाही. दिवसभर त्याच्याशी बोलणारी आजी इंग्रजी येत नाही म्हणून गप्प बसली, तर त्याच्या वाट्याचे शब्द मात्र नक्की कमी होतात.

तहान लागली की एक मुलगा पेला पुढे करून म्हणायचा, "पाणी पाहिजे का तुला?" आईचंच वाक्य, आईच्याच सुरात. घरचे याला पोपटपंची समजत होते. अशा पुनरुच्चारामागे हेतू असतो, हे बॅरी प्रिझंट या अमेरिकन अभ्यासकानं 1980 च्या दशकातच दाखवलं होतं. इथे ती सरळसरळ मागणी होती. आईला सांगितलं, विचारणं थांबवा. त्याच्या वतीनं तुम्हीच म्हणा, "मला पाणी पाहिजे," आणि लगेच पाणी द्या. हळूहळू "मला पाणी" आलं.

मराठीची आणखी एक अडचण आहे. आई, आजी, आम्ही शिक्षिका, सगळ्या बायका. मुलगा ऐकलेलं जसंच्या तसं उचलतो आणि "मी जाते" म्हणतो. मग सेशनला बाबांना, आजोबांना, शेजारच्या दादाला बोलवावं लागतं. इंग्रजीतून जसाच्या तसा उचललेल्या कार्यक्रमात हे कुठेच नसतं.

चित्रकार्डांचंही तेच. कार्ड देऊन वस्तू मागायची 'पेक्स' पद्धत 1985 मध्ये अमेरिकेत सुरू झाली. उपयोगी आहे, पण तयार संचात सँडविच असतं. वरणभात खाणाऱ्या आणि स्टीलच्या पेल्यातून ताक पिणाऱ्या मुलाला त्याच्या स्वतःच्या पेल्याचा फोटो लागतो. मोबाइलवर काढा, छापून लॅमिनेट करा, मागे वेल्क्रो लावा. टॅब हाताळता येत असेल तर आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' अॅप बघा. कार्डांमुळे बोलणं थांबेल ही भीती मनातून काढून टाका.

4. तासांचा आकडा डोक्यात घेऊ नका.

आठवड्याला 40 तास थेरपी हा आकडा मानसशास्त्रज्ञ इव्हार लोवास यांच्या 1987 च्या लॉस एंजेलिसमधल्या अभ्यासातून आला. त्यातल्या 40 तासांच्या गटात अवघी 19 लहान मुलं होती आणि तेव्हाच्या पद्धतीत शिक्षाही होती. एवढ्या तासांसाठी कर्ज काढणारे पालक मी पाहिले आहेत. शाळेनंतर थकून आलेल्या पाच वर्षांच्या पोराला आधी खेळ आणि झोप हवी.

5. घरातला वेळ हीच मोठी थेरपी.

गोव्यातल्या 'संगत' संस्थेनं पाकिस्तानातल्या रावळपिंडीच्या सहकाऱ्यांबरोबर केलेला अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी पालक आणि मुलाच्या खेळाचा व्हिडिओ काढला आणि तोच पालकांना दाखवून चर्चा केली. मूल स्वतःहून संवाद सुरू करण्याचं प्रमाण वाढलं. मला यात सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की धडा त्या मुलाच्या खेळातूनच निघाला.

6. ध्येय कोणाच्या सोयीचं आहे?

"डोळ्यांत बघ" म्हणून हनुवटी धरून मान वर करणं मी पूर्ण बंद केलं आहे. नजर भिडवणं त्रासदायक होतं, असं अनेक स्वमग्न प्रौढांनी स्वतः लिहून ठेवलंय. हात फडफडवण्यानं कोणाला इजा होत नसेल तर ते थांबवायचं कशाला? त्यापेक्षा "नको" म्हणता येणं, एकट्यानं शौचाला जाता येणं, दुखतंय ते दाखवता येणं यावर वेळ घालवू. गणपतीत ढोल-ताशे सोसत नसतील तर कानांवर हेडफोन द्या, नाहीतर मिरवणूक लांबून बघा. सवय होईल म्हणून त्याला ढोलाजवळ उभं करू नका.

पुढच्या सेशनला जाल तेव्हा थेरपिस्टना तीन गोष्टी विचारा. हे माझ्याच मुलासाठी का निवडलं? तीन महिन्यांनी उपयोग झाला की नाही हे कशावरून ठरवणार? नाही झाला तर काय बदलणार? चांगला थेरपिस्ट अशा प्रश्नांनी कधीच दुखावला जात नाही. "आमच्याकडे सगळ्यांना हेच देतात," असं उत्तर आलं, तर दुसरं केंद्र शोधा.