आवाज गेला, दुखणं राहिलं

अड्याळच्या पुढे पवनीकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या लागतात. गेल्या वर्षी ऐन रोवणीत त्यातल्याच एका बांधीत मी माझी गाडी घातली. वेग चाळीसच्या आसपास होता आणि बांधीत चिखल होता, म्हणून फक्त पऱ्हे चेंगरले. चार-पाच बाया रोवणा थांबवून बघत उभ्या राहिल्या. ज्याची बांधी होती त्या भाऊंच्या म्हशीला मी आठ दिवसांपूर्वीच सलाइन लावून आले होते. ते धावत आले आणि म्हणाले, "काऊन जी मॅडम, म्हैस तं बरी आहे!"

मी जनावरांची डॉक्टर. पावसाळ्याच्या तोंडावर घटसर्प आणि फऱ्याच्या लसी टोचत गावोगाव फिरायचं, आणि पावसाळाभर अडलेल्या गाई, लंगडणारे बैल. गाडी 2020 सालची, लहान. अशा फिरतीत ती जितकी दमते तितकी दमली होती. मे महिन्यात खड्ड्यावरून जाताना पुढून डावीकडून खटखट आवाज यायला लागला. हायवेलगतच्या एका गॅरेजात नेली. तिथल्या मिस्त्रीने गाडी दोनदा पुढे-मागे केली आणि सांगितलं, स्टीअरिंगची रॅक गेली. नवी घेतली तर मोठा खर्च, त्यापेक्षा हीच खोलून कसून देतो. मलाही तेच ऐकायचं होतं. संध्याकाळी गाडी मिळाली. आवाज बंद. मी खूश.

इथे माझी पहिली चूक. बैल लंगडतो म्हणून मालक येतो आणि म्हणतो, "एक सुई मारून द्या जी, चालला पाहिजे." मी त्याच्यावर ओरडते. दुखणं दाबून चालवला तर सांधा कायमचा जाईल, आधी खूर उचलून बघू दे. गाडीच्या बाबतीत मात्र मी त्या मालकासारखीच वागले.

दुसऱ्या दिवसापासून गाडी सांगत होती. स्टीअरिंग हाताला जड लागत होतं. वळण संपलं की चाक आपलं आपण सरळ यायचं, ते येत नव्हतं, ओढून आणावं लागे. एका बाजूला गाडी नेहमीपेक्षा कमी वळायची. आठवड्याने एका गोठ्यासमोर मागे घेताना स्टीअरिंग टोकापर्यंत फिरवलं आणि आतून 'तट' असा बारीक आवाज आला. हॉर्न बंद पडला आणि एअरबॅगचा लाल दिवा लागला, तो लागलाच. फोन केला तर उत्तर आलं, "नवीन काम आहे मॅडम, हातात बसते हळूहळू." मिस्त्रीच्या तोंडी हे वाक्य आलं की समजावं, त्याला कारण माहीत नाही किंवा चांगलंच माहीत आहे. ब्रेकचे नवे पॅड बसायला थोडे दिवस घेतात, हे खरं. स्टीअरिंग 'बसत' नाही. ते पहिल्या किलोमीटरपासून बरोबर असतं, नाहीतर चुकलेलं असतं.

मग तो दिवस. चिखलणी करून एक ट्रॅक्टर लोखंडी चाकांसकट बांधीतून एकदम रस्त्यावर चढला. मी डावीकडे घेतलं, वाचले, आणि सवयीने हात सैल सोडले, चाक परत येईल म्हणून. ते आलं नाही. ओढायचं लक्षात येईपर्यंत बांध ओलांडला होता. त्याच ट्रॅक्टरने मग गाडी बाहेर काढली.

भंडाऱ्यात एक म्हातारे मिस्त्री आहेत, ट्रकच्या किंगपिनांना ग्रीस भरण्यात उमर गेलेले. त्यांनी आधी काहीच खोललं नाही. स्वतः चालवून आले, मग मला शेजारी बसवलं, मग गाडी उचलली. गाडीखाली तीन गोष्टी त्यांनी मला हात लावून बघायला लावल्या. त्या सांगण्याजोग्या आहेत.

पहिली गोष्ट रॅकची. रॅक म्हणजे दात्यांची दांडी. स्टीअरिंगच्या खालचं पिनियन तिच्या दात्यांत फिरतं आणि दांडी डावी-उजवी सरकते. दांडी पिनियनला चिकटून राहावी म्हणून मागून स्प्रिंगचा दाब असतो, आणि तो दाब ठरवणारा एक नट असतो. दाते झिजून खडखडत असतील तर तो नट अगदी जरासा, कंपनीच्या मापाने, कसता येतो. पहिल्या मिस्त्रीने तो आवाज जाईपर्यंत कसला होता. आपल्या गाडीचं पुढचं चाक ज्या अक्षावर वळतं तो अक्ष थोडा मागे कललेला असतो, सायकलच्या पुढच्या फोर्कसारखा. म्हणूनच पोरं हात सोडून सायकल चालवू शकतात, चालतं चाक स्वतः सरळ व्हायला बघतं. जाम आवळलेली रॅक ही ओढ खाऊन टाकते. आणि आवाज मुळात रॅकचा नव्हताच, तो सस्पेन्शनच्या लिंक रॉडच्या सैल झालेल्या बॉलचा होता. रॅकचं काम करताना आजूबाजूचं सगळं हललं, म्हणून तो तेवढ्यापुरता दबला. लिंक रॉड हा स्टीअरिंगच्या मानाने किरकोळ खर्चाचा भाग.

दुसरी गोष्ट हॉर्नची. रॅक परत बसवताना तिला चाकांशी जोडणारे दोन बाजूंचे टाय रॉड सारखे चढवले गेले नाहीत, त्यामुळे गाडी सरळ चालली की स्टीअरिंग वाकडं दिसू लागलं. ते सरळ करायची बरोबर जागा खाली असते, टाय रॉडच्या आट्यांत. पहिल्या गॅरेजवाल्यांनी वरून स्टीअरिंगच उपटलं आणि दोन दाते फिरवून सरळ बसवलं. दिसायला सरळ, रॅक मात्र मध्यावर नाही, म्हणून एका बाजूला वळण कमी. त्यात रॅक खाली उतरलेली असताना स्टीअरिंग मोकळं फिरलं होतं. त्याच्या पोटात हॉर्न आणि एअरबॅगला वीज नेणारी गुंडाळलेली पट्टी असते, मिस्त्री तिला क्लॉक स्प्रिंग म्हणतात. तिचे वेढे मोजके असतात. ते चुकले की टोकाच्या वळणाला ती तुटते. म्हणजे दोन महिने मी एअरबॅगशिवाय फिरत होते. आपल्याकडे जुलै 2019 पासून प्रत्येक नव्या कारला ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची आहे, तेव्हा त्यानंतरच्या कुठल्याही गाडीचं स्टीअरिंग कुणी 'सरळ करून देतो' म्हणून उपटायला लागलं तर हात धरावा. बॅटरीची तार काढून काही मिनिटं थांबल्याशिवाय त्याला पाना लावायचाच नसतो.

तिसरी गोष्ट बघून मात्र पोटात गोळा आला. टाय रॉडचा बॉल चाकाच्या बाजूला खाचांच्या नटाने धरलेला असतो, आणि त्या खाचेतून स्प्लिट पिन जाते, नट गरगरत सुटू नये म्हणून. माझ्या डाव्या चाकाला पिनेच्या जागी तार होती. कुंपणाला बांधतो तसली, गंजलेली. नट दोन आटे सैल झाला होता. वरचं रबरी बूट हातोड्याने फाटलेलं, त्यात चिखल. म्हातारे मिस्त्री एवढंच म्हणाले, "बांधीत गेली हे बरं झालं जी. वैनगंगेच्या पुलावर सुटली असती तं?"

आता तुमच्या कामाचं. स्टीअरिंगचं काम करून गाडी ताब्यात घेताना पैसे द्यायच्या आधी अर्धा तास काढा. गाडी चालू करून, पुढची चाकं सरळ ठेवून, डावीकडे टोकापर्यंत किती वळसे होतात ते मोजा, मग उजवीकडे. दोन्ही आकडे सारखे हवेत. पाव वळशाचाही फरक असेल तर विचारा. मग मिस्त्रीलाच गाडी जॅकवर आणि खाली स्टँडवर घ्यायला सांगा. स्वतः नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शिरू नका, आणि जॅक पावसाळ्यातल्या मातीवर लावू देऊ नका. घड्याळात नऊ आणि तीन असतात त्या जागी चाक धरून हलवा. खटका लागला तर दुखणं टाय रॉडकडे. बारा आणि सहाला खटका असेल तर खालचा बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. नट-पिन डोळ्यांनी बघा. काही गाड्यांत पिनेऐवजी आत नायलॉनचं कडं असलेला नट असतो, तो एकदा काढला की नवाच लावायचा. खाच आणि भोक जुळत नसेल तर नट आणखी थोडा आवळून जुळवतात, सैल करून नाही. एवढं एक वाक्य तुम्ही सहज बोललात तरी समोरच्याचा हात सावध होतो. बाई माणसाने बोललं तर जास्तच, हा माझा अनुभव.

नंतर मोकळ्या रस्त्यावर तीसच्या वेगाने वळण घ्या आणि हात न सोडता पकड सैल करा. चाक तळव्याखालून सरकत परत यायला हवं. गाडी सरळ जाते पण स्टीअरिंग वाकडं आहे, तर टाय रॉडचं माप दोन बाजूंना वेगळं आहे. गाडीच एका अंगाला ओढते, तर आधी टायरची हवा बघा, मग पुढचे दोन टायर अदलाबदल करून बघा. ओढ बाजू बदलली तर दोष टायरचा, नाहीतर अलाइनमेंटचा किंवा चिकटून राहिलेल्या ब्रेकचा. जराशी डावी ओढ मात्र रस्त्याची असते, कारण पाणी वाहून जावं म्हणून रस्ता कडेला उतरता करतात. नव्वदीला स्टीअरिंग थरथरतं ते बहुधा बॅलन्सिंग, त्यासाठी कुणाला रॅक खोलू देऊ नका.

अलाइनमेंट शेवटी करायची. सैल सांध्यांवर केलेली अलाइनमेंट म्हणजे मोडलेल्या पायाचं माप घेऊन चप्पल शिवणं. रॅक किंवा टाय रॉडला हात लागला की ती करावीच लागते, आणि आधीचे-नंतरचे आकडे छापलेला कागद मागून घ्यायचा. महिन्याभराने टायरवर तळवा आडवा फिरवून बघा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं, तर चाकं अजून तिरकी चालतात.

पहिल्या गॅरेजात मी ती तार घेऊन गेले होते. "आमची नाही," म्हणाले. माझ्याजवळ बिल नव्हतं, दोन हजार रोख देऊन आले होते. बिल असतं तर सेवेतली त्रुटी म्हणून दोन वर्षांच्या आत भंडाऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता आलं असतं, आणि पाच लाखांच्या आतल्या कामाला तिथे फीसुद्धा नाही. निदान ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर फोन तरी करता आला असता. आता मी टायरच्या पंक्चरचंही बिल मागते आणि काढलेला जुना भाग डिकीत टाकून आणते. नवऱ्याला हे अति वाटतं.

भाऊंनी पऱ्ह्यांचे पैसे घेतले नाहीत. म्हशीची पुढची तपासणी फुकट ठरली. परवा तिकडूनच आले. त्या वळणावर चाक हाताखालून अलगद सरळ झालं. मागच्या उजव्या बाजूने मात्र बारीक किरकिर येते आहे, खड्ड्यात नाही, गाडी वळताना. मोबाइलमध्ये आवाज भरून ठेवला आहे, रविवारी म्हाताऱ्या मिस्त्रींना ऐकवायचा.