फुलांची दरी आणि तिची माणसे

अभ्यासपाठ : मंडळीतील अभ्यासगट, युवक व महिला मंडळांसाठी



उन्हाळा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे करपलेले माळ, आटलेल्या विहिरी आणि सावली शोधणारी गुरे उभी राहतात. आपल्याकडे रानफुले दिसतात ती पाऊस सुरू झाल्यावर. कासचे पठार पाहायला लोक ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जातात. हिमालयाच्या उंच भागात मात्र उन्हाळा म्हणजे वर्षातला जगण्याचा एकमेव हंगाम. जूनपासून सप्टेंबरपर्यंतच्या या चार महिन्यांत तिथल्या प्रत्येक झाडाला उगवायचे, फुलायचे आणि बी धरायचे असते. प्राण्यांनाही पिल्ले वाढवून पुढच्या थंडीची तयारी करायची असते.

या पाठात आपण अशाच एका जागेची ओळख करून घेणार आहोत. उत्तराखंडातील चमोली जिल्ह्यात असलेल्या या राष्ट्रीय उद्यानाचे नाव ‘व्हॅली ऑफ फ्लॉवर्स’. तिथले लोक त्याला ‘फूलों की घाटी’ म्हणतात. आधी तिथली फुले आणि प्राणी पाहू. मग चित्रांच्या कॅलेंडरात सहसा न दिसणाऱ्या तिथल्या माणसांकडे वळू.

१. दरी कुठे आहे?

जोशीमठहून बद्रीनाथकडे जाताना अलकनंदेच्या काठी गोविंदघाट लागते. तिथून पुलना गावापर्यंत गाडी जाते. पुढे सुमारे दहा किलोमीटरची पायी चढण आहे. ती संपते घांघरियात. तीन हजार मीटरहून थोड्या अधिक उंचीवरची ही वस्ती फक्त हंगामात जागी असते. इथे वाट दोन फाट्यांत विभागते. एक वाट शिखांचे पवित्र स्थान असलेल्या हेमकुंड साहिबकडे चढते, तर दुसरी पुष्पावती नदीच्या काठाने फुलांच्या दरीत शिरते.

दरी सुमारे आठ किलोमीटर लांब आणि दोन किलोमीटर रुंद आहे. तिचा तळ साधारण साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून अधिक. भोवतीची हिमशिखरे सहा हजार मीटरच्या वर जातात. १९८२ साली हा भाग राष्ट्रीय उद्यान झाला. त्याचे क्षेत्र ८७.५ चौरस किलोमीटर आहे. शेजारचे नंदादेवी राष्ट्रीय उद्यान १९८८ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आले आणि २००५ साली ही दरीही त्याला जोडली गेली.

उद्यान जूनच्या आरंभी उघडते आणि ऑक्टोबरअखेर बंद होते. सकाळी घांघरियाहून निघायचे आणि संध्याकाळपूर्वी परतायचे, असा नियम आहे. आत मुक्काम करता येत नाही.

२. बर्फ वितळतो तेव्हा

हिवाळ्यात दरी बर्फाखाली असते. हा बर्फ झाडांचा शत्रू आहे असे आपल्याला वाटेल. प्रत्यक्षात तो गोधडीचे काम करतो. त्याच्याखाली जमिनीतले कंद आणि मुळे बाहेरच्या जीवघेण्या थंडीपासून सुरक्षित राहतात. तो हळूहळू वितळतो आणि मुळांना पाणी पुरवतो.

जूनमध्ये बर्फाचे थर अजून नाल्यांत पडलेले असतात. त्यांच्या कडेलाच, ओल्या मातीतून, प्रिम्युला आणि ॲनेमोनीची फुले वर येतात. जुलैत मोसमी पाऊस पोहोचतो आणि दरी भरून जाते. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत फुलांचा बहर सर्वांत मोठा असतो. जांभळे जिरेनियम आणि वज्रदंतीची फुले गवतात मिसळून उगवतात. खडकांच्या आडोशाला काटेरी देठाची निळी पॉपी दिसते. ही आपल्या खसखशीच्या कुळातली. नदीच्या वाळूत गुलाबी एपिलोबियम पसरते. सप्टेंबरात रंग ओसरतात, पाने तांबूस होतात आणि बिया झडू लागतात.

यातली काही नाती आपल्या ओळखीची आहेत. आपल्या शेताच्या बांधावर पावसाळ्यात फुलणारा तेरडा आठवा. त्याचेच हिमालयीन भाऊबंद या दरीत माणसाच्या डोक्याएवढे उंच वाढतात. सह्याद्रीत नागाच्या फण्यासारखा दिसणारा सापकांदा असतो, त्याचेही नातलग तिथे आहेत.

१९९०च्या दशकात झालेल्या एका शास्त्रीय पाहणीत या दरीत वनस्पतींच्या पाचशेहून अधिक जाती नोंदवल्या गेल्या. त्यांतल्या ४५ जाती आसपासचे गावकरी औषध म्हणून वापरत होते. ही दुसरी संख्या लक्षात ठेवा, तिच्याकडे आपण परत येणार आहोत.

३. थोड्या दिवसांत जगण्याची रीत

उत्तराखंडाचे राज्यफूल ब्रह्मकमळ दरीच्या तळापेक्षा वर, हेमकुंडाच्या वाटेवर, ऑगस्टच्या सुमारास फुलते. आपण ज्याला पांढरे फूल समजतो त्या खरे तर कागदासारख्या पातळ, फिकट पाकोळ्या म्हणजे पानेच. खरी फुले लहान आणि जांभळट असून त्यांच्या आत दडलेली असतात. बाहेर गार वारा असताना हा कागदी तंबू आतली ऊब धरून ठेवतो आणि पावसापासून परागही वाचवतो. त्याचीच एक बहीण, फेनकमळ, पांढऱ्या लोकरीत गुंडाळलेली असते.

प्राण्यांनीही आपापली रीत शोधली आहे. पिका हा सशाच्या कुळातला, उंदराएवढा प्राणी दगडांच्या फटींत राहतो आणि हिवाळाभर झोपत नाही. भरल नावाची रानमेंढी आणि दाट आयाळीचा थार उन्हाळ्यात वरच्या कुरणांत चरतात. त्यांच्या मागावर हिमबिबट्या असतो, पण तो क्वचितच कोणाच्या नजरेस पडतो. काळे अस्वल जंगलाच्या बाजूला, तर तपकिरी अस्वल आणखी उंचावर वावरते. भूर्जाच्या आणि बुटक्या बुरांसाच्या झाडीत कस्तुरीमृग लपतो. त्याला शिंगे नसतात. नराला वरचे दोन सुळे असतात आणि पोटाखाली कस्तुरीची ग्रंथी. त्या ग्रंथीपायीच त्याची इतकी शिकार झाली की तो दुर्मीळ बनला. सकाळच्या धुक्यात निळ्या-हिरव्या-तांबूस पिसांचा मोनाल शीळ घालत उडतो. कस्तुरीमृग हा उत्तराखंडाचा राज्यप्राणी आणि मोनाल हा राज्यपक्षी. राज्याची फूल, प्राणी आणि पक्षी ही तिन्ही मानचिन्हे याच परिसरात भेटतात.

४. दरीचा ‘शोध’ कोणी लावला?

पुस्तकांत लिहिलेले असते की १९३१ साली इंग्रज गिर्यारोहक फ्रँक स्माइथ यांनी ही दरी शोधली. ७,७५६ मीटर उंचीच्या कामेत शिखरावरची यशस्वी चढाई आटोपून ते आणि त्यांचे सोबती परतत होते. भ्यूंदर खिंड ओलांडून ते पावसात खाली उतरले आणि फुलांनी भरलेल्या या खोऱ्यात आले. स्माइथ १९३७ साली पुन्हा इथे आले आणि १९३८ साली त्यांनी या दरीवर पुस्तक लिहिले. त्यामुळे तिचे इंग्रजी नाव जगभर गेले.

त्या पुस्तकामुळे दरी जगाला माहीत झाली हे खरे. पण ‘शोध’ हा शब्द तपासून पाहायला हवा. भ्यूंदर आणि पुलना या गावांतली भोटिया आणि इतर पहाडी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या उन्हाळ्यात शेळ्यामेंढ्या घेऊन या खोऱ्यात येत होती. हिवाळ्यात खाली पुलन्यात आणि उन्हाळ्यात वर भ्यूंदरात, असे त्यांचे वर्ष होते. कोणत्या मुळीने ताप उतरतो, कोणते गवत जनावराला बाधते, हिमकडा कुठे कोसळतो हे त्यांना ठाऊक होते. कामेतच्या शिखरावर पोहोचलेल्यांतही शेर्पा लेवा आणि गढवालचे केसर सिंग होते. त्यांची नावे फार थोड्यांना आठवतात.

दरीत एक कबरही आहे. जोन मार्गारेट लेग ही ब्रिटिश वनस्पती-अभ्यासक १९३९ साली इथे फुलांचे नमुने गोळा करायला आली होती. उतारावरून घसरून ४ जुलै रोजी तिचा मृत्यू झाला. तिची बहीण नंतर इथे आली आणि तिने स्मृतिशिला बसवली. त्या शिळेवर १२१ व्या स्तोत्रातील डोंगरांकडे दृष्टी लावण्याविषयीची ओळ कोरलेली आहे. आपल्यापैकी अनेकांना ते स्तोत्र तोंडपाठ असेल. आजही वाटसरू त्या शिळेवर रानफुले ठेवतात.

५. मेंढरे गेल्यावर

१९८२ साली राष्ट्रीय उद्यान झाले तेव्हा दरीतली चराई बंद झाली. हेतू चांगला होता. जनावरांच्या तुडवण्यामुळे फुलांचे नुकसान होते, असे अधिकाऱ्यांना वाटत होते. पण ज्यांच्या पिढ्या त्या कुरणावर जगल्या त्यांच्या हातून ते कुरण गेले. मेंढपाळाच्या घरात त्याचा अर्थ काय होतो ते आपण समजू शकतो: कळप विकावा लागतो, लोकर जाते, दूध जाते आणि मुलाला वडिलांकडून शिकायचा धंदाच उरत नाही.

पुढे दरीत एक नवी चिंता दिसू लागली. ‘अमेला’ नावाची उंच, झुडपी वनस्पती अनेक ठिकाणी दाट पसरली आणि तिच्या सावलीत लहान फुलझाडे गुदमरू लागली. ती काढण्यासाठी वनविभागाला माणसे लावावी लागतात. काही अभ्यासकांचे म्हणणे असे की मेंढरे तिचे कोवळे कोंब खात आणि तुडवत, म्हणून ती आटोक्यात होती. चराई थांबल्याने ती माजली. इतर अभ्यासकांना हे पटत नाही. ती मुख्यतः दरडी कोसळलेल्या जागी आणि जुन्या तळांच्या विस्कटलेल्या मातीत वाढते, आणि एकूण फुलांची विविधता घटलेली नाही, असे ते दाखवतात.

हा वाद आपल्याला इथे सोडवायचा नाही. आपल्यासाठी प्रश्न साधा आहे. कुरण बंद करण्यापूर्वी त्या कुरणात आयुष्य काढलेल्यांना कोणी विचारले होते का? ४५ औषधी झाडे ओळखणाऱ्यांचे ज्ञान योजना आखताना टेबलावर होते का?

याच जिल्ह्यातल्या रेणी गावात २६ मार्च १९७४ रोजी गौरादेवी आणि गावच्या बायका झाडांना बिलगून उभ्या राहिल्या आणि ठेकेदाराची माणसे परत गेली. त्याही भोटिया समाजाच्याच. ज्यांनी जंगल वाचवले त्याच समाजाला काही वर्षांनी जंगलाच्या सीमेबाहेर उभे राहावे लागले, ही गोष्ट विसरता येण्यासारखी नाही.

६. झाडू हाती घेणारी गावे

लोक हातावर हात ठेवून बसले नाहीत. हेमकुंडला जाणाऱ्या हजारो यात्रेकरूंसाठी त्यांनी घांघरियाच्या वाटेवर चहाची दुकाने टाकली, खेचरे पाळली, ओझी वाहिली. यात्रेबरोबर कचराही वाढला. प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि पिशव्या नाल्यांत साचू लागल्या. तेव्हा भ्यूंदरच्या गावकऱ्यांनी परिविकास समिती स्थापन केली. तिने वाट झाडायला घेतली आणि साचलेला कचरा डोंगराखाली आणला.

जून २०१३ च्या महापुरात भ्यूंदर गाव उद्ध्वस्त झाले आणि गोविंदघाट ते घांघरिया वाट वाहून गेली. लोकांनी पुन्हा वाट बांधली, पुन्हा दुकाने उभारली. वर तिपरा हिमनदी मागे सरकत आहे. पुष्पावतीचे पाणी तिथूनच येते. त्यामुळे पुढच्या पिढीची काळजी फुलांपुरती राहिलेली नाही.

७. आपण काय शिकावे?

आपल्या महाराष्ट्रातही अभयारण्ये आणि व्याघ्रप्रकल्प आहेत आणि त्यांच्या आत-बाहेर आदिवासी पाडे आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याने राष्ट्रीय उद्यानांतल्या वनजमिनीवरही वनवासींचे हक्क मान्य केले आहेत. त्यांत चराईचा आणि भटक्या पशुपालकांच्या हंगामी वापराचा हक्कही येतो. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाने सामूहिक वनहक्क मिळवून आपले बांबूचे जंगल स्वतः सांभाळून दाखवले.

डोंगराचे सौंदर्य पाहताना त्या डोंगरावर राहणाऱ्यांनाही पाहावे, हा या पाठाचा गाभा. एखाद्या पाड्यासाठी काही करायचे मनात आले, तर पहिल्या भेटीत वस्तू नेण्याआधी एक प्रश्न न्यावा: “मावशी, काका, तुम्हाला काय ठाऊक आहे ते आम्हाला सांगाल का?” फुलांच्या दरीत हा प्रश्न वेळेवर विचारला गेला असता, तर कदाचित फुले आणि मेंढपाळ दोघांसाठीही मार्ग निघाला असता.

चर्चेसाठी प्रश्न

१. बर्फ झाडांचे रक्षण कसे करतो? आपल्याकडे कडक ऋतूत झाडे कशी तग धरतात याची दोन उदाहरणे द्या.

२. ‘शोध लावला’ असे आपण कोणत्या जागांबद्दल म्हणतो? तिथे आधीपासून कोण राहत होते?

३. अमेलाविषयीची दोन मते आपल्या शब्दांत मांडा. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय निर्णय घेतला तर काय होऊ शकते?

४. आपल्या जवळच्या पाड्यावरील वडीलधाऱ्या माणसांकडून पाच रानभाज्या किंवा औषधी झाडांची माहिती घ्या. सांगणाऱ्याची परवानगी घेऊन, त्याच्या नावासह ती वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या बैठकीत सर्वांना वाचून दाखवा.