पॉवर टिलर : चालविण्याची व निगेची रीत

धानाच्या ज्या बांध्यांत पूर्वीं हेल्यांची जोडी चिखलणी करी, त्यांपैकीं कित्येकांत आतां पॉवर टिलर चालतो. हें यंत्र जपानच्या भातशेतींतून आलेलें आहे. १९६७ सालीं बंगळूर येथें स्थापन झालेल्या व्ही.एस.टी. कंपनीनें तें मित्सुबिशीच्या सहकार्यानें या देशांत तयार केलें. आमच्या गोंदिया जिल्ह्यांत बांध्या लहान व धुरे पुष्कळ. मोठा ट्रॅक्टर वळण्यास जागा नसते, तेथें हें यंत्र सोयीचें पडतें. परंतु सोयीच्या वस्तूविषयीं मनुष्य बेफिकीर होतो. धन्याचा पाय घसरला तर हेला थबकतो. यंत्र थबकत नाहीं.

सर्वांत मोठा धोका यंत्र मागें घेण्यांत आहे. माझ्या पाहण्यांतील प्रसंग सांगतों. रोवणीच्या घाईंत एका गृहस्थानें टिलर गोठ्याच्या भिंतीजवळ मागें घेतला. क्लच एकदम लागतांच मुठी वर उसळल्या व तो मुठी आणि भिंत यांच्यामध्यें सांपडला. बरगड्या मोडल्या, त्याची रोवणी शेजाऱ्यांनीं उरकली. कारण असें कीं, पुढें जातांना यंत्राचें नाक वर उचलूं पाहतें, मागें येतांना तेंच खालीं दबतें व मुठी वर येतात. म्हणून रिव्हर्स टाकण्यापूर्वीं रोटरी बंद करावी, इंजिनाचा वेग कमी करावा, पाठीमागें पाहावें व क्लच हळूहळू लावावा. पात्यांत गवत अडकल्यास इंजिन पुरतें बंद केल्यावांचून हात घालूं नये.

धुरा ओलांडतांना कुदळीनें उतार पाडावा आणि रोटरी बंद ठेवून पहिल्या गिअरमध्यें सरळ काटकोनांत जावें. बोडीच्या वा तलावाच्या पाळीवरून उतरतांना मात्र एक विलक्षण गोष्ट घडते. सपाट जागीं डाव्या मुठीचा क्लच दाबला कीं टिलर डावीकडे वळतो. उतारावर मोकळें झालेलें डावें चाक अधिक वेगानें धांवतें व टिलर उजवीकडे जातो. नवशिका घाबरून आणखी जोरानें दाबतो. उतारावर हा क्लच वापरूंच नये. खालचा गिअर ठेवावा, न्यूट्रल करूं नये व वळवणें झाल्यास मुठी हातानें ढकलाव्या.

निगेविषयीं थोडें. ऑइलची पातळी रोज इंजिन गार असतांना, सपाट जागीं पाहावी. मळणीच्या धुळींत काम झाल्यावर एअर क्लीनरमधील ऑइल गढूळ दिसल्यास बदलावें, नाहींतर रिंगा झिजतात. गरम रेडिएटरचें झांकण उघडूं नये. बंद कोठारांत इंजिन चालवूं नये. धुरांतील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. दुपट्टा फिरत्या पट्ट्यांपासून दूर ठेवावा.

चिखलणी संपतांच यंत्र धुवावें व एक्सलभोंवतीं बसलेला गवताचा पीळ सोडवावा. हा पीळ सील कापतो व गिअरबॉक्समध्यें पाणी शिरतें. तेल दुधासारखें पांढुरकें झालें कीं पाणी शिरलें असें समजावें व तें बदलल्याशिवाय यंत्र चालवूं नये.

आयुष्य रजिस्टरें लिहिण्यांत गेल्यामुळें एक संवय सुचवितों. यंत्राजवळ वही ठेवावी. दिनांक, चाललेले तास, डिझेल व ऑइल बदल हे रकाने पाडावे. एकत्र कुटुंबांत त्या दिवशीं मूठ कोणाच्या हातीं होती, तें नांवही लिहावें.