भिंतीवरचा ठिपका : चित्रकार सय्यद हैदर रझा



"आमच्या मुलाचं अभ्यासात लक्षच नसतं," हे वाक्य पालकसभेत हमखास ऐकू येतं. जगभर नाव झालेले चित्रकार रझा हेही लहानपणी असेच विद्यार्थी होते. म्हणून मुलांच्या आधी आपण त्यांची ओळख करून घेऊ.

बालपण
रझांचा जन्म २२ फेब्रुवारी १९२२ रोजी मध्य प्रदेशातील मंडला जिल्ह्यात, बाबरिया या गावी झाला. वडील वनखात्यात नोकरीला. त्यामुळे जंगल आणि नर्मदा यांच्या सोबतीत बालपण गेलं. ककैया गावच्या शाळेत मात्र त्यांचं मन रमेना. तेव्हा नंदलाल झारिया गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याकडेच बघत राहायला सांगितलं. हळूहळू मन एका जागी थांबू लागलं.

शिक्षण
पुढे नागपूरला आणि मग मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्यांनी कलाशिक्षण घेतलं. १९४७ मध्ये सूझा, हुसेन, आरा अशा मित्रांसोबत 'प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप' सुरू झाला. १९५० मध्ये ते शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले आणि सुमारे साठ वर्षं फ्रान्समध्ये राहिले.

साहित्य
सुरुवातीला जलरंगात निसर्ग आणि शहरं, फ्रान्समध्ये जाड थरांचे तैलरंग, नंतर लवकर वाळणारे अ‍ॅक्रिलिक रंग. अ‍ॅक्रिलिकमुळे स्वच्छ कडांचे सपाट आकार काढणं सोपं झालं.

प्रतीके
- बिंदू : बीज, ऊर्जा, सुरुवात
- त्रिकोण : वर टोक असलेला पुरुष, खाली टोक असलेला प्रकृती
- काळा, पांढरा, लाल, पिवळा, निळा : पंचमहाभूतं

१९८१ च्या 'माँ' या चित्रात तर त्यांनी देवनागरीत कवितेची ओळ लिहिली आहे. राहायला फ्रान्समध्ये, पण आठवण मायभूमीची!

वर्गात काय कराल?
प्रत्येक मुलाला कोऱ्या कागदावर एकच ठिपका काढायला सांगा. दोन मिनिटं शांतपणे त्याकडे बघू द्या. मग त्यातून काय उगवतंय ते रंगवू द्या. कुणी सूर्य काढेल, कुणी विहीर, कुणी मुंगीचं बीळ. प्रतीकांचे अर्थ शेवटी सांगा. आधी सांगितले, तर सगळ्यांची चित्रं सारखीच येतील.

आता सर्वांत महत्त्वाचं. गुरुजींनी दाखवलेला तो ठिपका रझांच्या चित्रांच्या मध्यभागी आला १९७० च्या दशकाच्या अखेरीस. म्हणजे मध्ये जवळजवळ अर्धशतक गेलं! आपण मात्र आज शिकवलेलं शनिवारच्या चाचणीत दिसलं नाही, की मुलावर 'कच्चा' असा शिक्का मारतो. पेरलेलं कधी उगवेल हे बियाणंच ठरवतं. आपण पेरत राहायचं.

२०१० च्या अखेरीस रझा भारतात परतले. २३ जुलै २०१६ रोजी दिल्लीत त्यांचं निधन झालं. त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडल्यात, वडिलांच्या कबरीशेजारी त्यांना दफन करण्यात आलं.