खुंटा पक्का, दावं लांब

पुणे,
रविवार

चि. सायली,



तुझा जपानचा बेत मिळाला. चौदा रात्री आणि आठ शहरं: टोकियो, हाकोने, नागोया, ताकायामा, कानाझावा, क्योतो, ओसाका, हिरोशिमा. तक्ता देखणा झाला आहे, गाड्यांच्या वेळा मिनिटासकट मांडल्या आहेस. तू एकटी जाते आहेस याला माझी हरकत नाही. हे आधीच लिहून टाकतो, नाहीतर पुढची चार पानं तू ‘मामाही आईच्याच गोटात गेला’ असं म्हणत वाचशील. माझी हरकत आहे ती ‘आठ’ या आकड्याला. आठाची तीन कर. टोकियोत सहा रात्री, हिरोशिमात दोन, क्योतोत सहा. बाकी जे बघायचं ते सकाळी निघून संध्याकाळी परत येण्याच्या अंतरात बघ. गुरं चरायला बांधतात तसं: खुंटा पक्का, दावं लांब. (गायीची उपमा तुला आवडायची नाही, पण याहून नेमकी सुचत नाही.)

एकट्याने प्रवास करण्यात मिळतं काय आणि द्यावं लागतं काय, याचा रोख हिशेब आधी मांडू. द्यावं लागतं ते उघड आहे. प्रत्येक निर्णय आपल्याच डोक्यावर. बॅगेकडे लक्ष ठेवायला कुणी नाही, रांगेत जागा धरायला कुणी नाही, रस्ता चुकला तर दोष द्यायलाही कुणी नाही. बदल्यात एकच मोठी गोष्ट मिळते: सकाळी खिडकीतून आभाळ बघून दिवसाचा बेत बदलता येतो. सहलीच्या बसमधल्या चाळीसजणांना ते जमत नाही, कुटुंबातल्या चौघांनाही नाही, कारण कुणाचा तरी गुडघा आणि कुणाचा तरी चहा मध्ये येतोच. ही मोकळीक हेच एकट्याचं भांडवल. आठ हॉटेलं आठ तारखांना आगाऊ ठरवलीस की ते भांडवल तू पुण्यात बसूनच खर्चून टाकलंस. उरतात ते नुसते तोटे. मग तो प्रवास म्हणजे एका माणसाची कंडक्टेड टूर. गाइडही तूच आणि दमलेली प्रवासीही तूच.

फुजीचंच बघ. उंची ३,७७६ मीटर, टोकियोतून शंभरेक किलोमीटर, आणि तरी दिसेलच याची खात्री नाही. हिवाळ्यातल्या कोरड्या सकाळी तो बरा दिसतो. तू जाणार ऑक्टोबरच्या उत्तरार्धात, तेव्हा ढगांची मर्जी. तुझ्या तक्त्यात हाकोने चौथ्या दिवशी, एक रात्र. त्या दिवशी ढग आले तर आशी तळ्याच्या काठी उभी राहून तू पांढरी भिंत बघणार आणि दुसऱ्या सकाळी बॅग ओढत नागोयाला निघणार. तेच टोकियोत सहा रात्री असल्या तर आदल्या संध्याकाळी हवामान बघायचं. स्वच्छ असेल तर शिंजुकूहून ओदाक्यूची गाडी पकडून दीड तासात हाकोने. पायथ्यापासून वर जाणारी डोंगरी रेल्वे १९१९ सालची आहे. चढ इतका उभा की गाडी तीन ठिकाणी थांबून, तोंड फिरवून, उलट्या दिशेने वर सरकते. आपल्या खंडाळ्याच्या घाटातही एकेकाळी असंच रिव्हर्सिंग स्टेशन होतं. आपलं गेलं, त्यांचं अजून चालू आहे. आभाळ भरलेलं असेल तर निक्को. उंच देवदारांखालची शेवाळलेली दगडी वाट आणि शोगुन तोकुगावा इएयासूचं १६१७ मध्ये उभं राहिलेलं समाधिमंदिर, यांचं झिमझिम पावसात काही बिघडत नाही. दोन्हीकडे जायचं नसेल तर तासाभरावर कामाकुरा, उघड्यावर बसलेला ब्राँझचा बुद्ध. आणि धो धो पाऊस असेल तर उएनोतली संग्रहालयं. चार दिवस, चार पर्याय, क्रम आभाळाने ठरवायचा. वादळाची शक्यता दिसली की तिथल्या रेल्वे कंपन्या आदल्याच दिवशी गाड्या बंद राहतील असं जाहीर करतात. ज्याचं हॉटेल दुसऱ्या शहरात ठरलेलं असतं त्याची तेव्हा तारांबळ होते. ज्याचा मुक्काम हलायचाच नसतो तो एक दिवस छत्री घेऊन गल्लीत हिंडतो.

निक्कोबद्दल एक सावधगिरी. गावातून वर चुझेंजी तळ्याकडे आणि ९७ मीटरच्या केगोन धबधब्याकडे बस जाते ती इरोहाझाका नावाच्या घाटाने. चढउताराची मिळून ४८ वळणं, आणि प्रत्येकाला त्यांच्या जुन्या वर्णमालेतलं एकेक अक्षर. ऑक्टोबरात पानं रंगली की सगळं टोकियो तिथे लोटतं आणि पाऊण-एक तासाचा रस्ता कितीही लांबतो. म्हणून शनिवार-रविवार टाळ, सकाळची पहिली गाडी धर. आणि परतीची शेवटची बस किती वाजता, हे जाण्याच्या गाडीआधी बघून ठेव.

आता मुक्काम बदलण्याची किंमत. जपानी हॉटेलं साधारण दहा-अकराला खोली रिकामी करायला सांगतात आणि पुढचं हॉटेल दुपारी तीनला खोली देतं. मधल्या वेळात माणूस घर ना घाट. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, पण विंचवाला निदान चेक-इनची वेळ नसते. आठ हॉटेलं म्हणजे सात स्थलांतरं. प्रत्येकाला अर्धाच दिवस धरला तरी चौदातले साडेतीन दिवस बॅग भरण्यात, ओढण्यात आणि उघडण्यात गेले. लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरहून मोठी बॅग असेल तर टोकियो-क्योतो-हिरोशिमा मार्गावरच्या शिंकान्सेनमध्ये तिच्यासाठी खास जागा आधी राखून ठेवावी लागते. यावर तू म्हणशील की तिथे ‘ताक्क्यूबिन’ नावाची सोय आहे, बॅग परस्पर पुढच्या हॉटेलात जाते. आहे, आणि उत्तम आहे. पण ती साधारणपणे दुसऱ्या दिवशी पोचते. दर दुसऱ्या दिवशी गाव बदलणाऱ्याने बॅगेचा पाठलाग करायचा की बॅगेने त्याचा, हे ठरवणं कठीण. तीन मुक्कामांना मात्र ही सोय चपखल बसते.

तुझा सगळ्यात भक्कम आक्षेप रेल्वे पासचा असणार: ‘सात दिवसांचा पास काढला की कितीही फिरा, मग कमी का फिरायचं?’ हा युक्तिवाद काही वर्षांपूर्वी खरा होता. सात दिवसांचा साधा पास तेव्हा २९,६५० येनना मिळायचा, म्हणजे टोकियो-क्योतो जाऊन-येऊन जेवढे पैसे लागतात जवळजवळ तेवढ्यातच. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो एकदम ५०,००० येन झाला. टोकियो ते क्योतो एका बाजूचं तिकीट चौदा हजारांच्या आसपास आहे. तू विमानाने टोकियोत उतरून परतीला ओसाकाहून निघालीस तर लांबच्या पल्ल्याची दोनच तिकिटं लागतात, टोकियो ते हिरोशिमा आणि हिरोशिमा ते क्योतो. ती दोन्ही मिळून पासपेक्षा बरीच स्वस्त पडतात. शिवाय पास घेतला की तो ‘वसूल’ करायची आपली जुनी खोड जागी होते. बुफेत पोट भरल्यावरही चौथी जिलबी उचलतो ना, तशी आपण पाचवं शहर उचलतो.

दुसरा आक्षेप मला अधिक विचाराचा वाटतो. सकाळी जाऊन संध्याकाळी परतणं म्हणजे देवळाच्या पायरीला हात लावून पळणं नव्हे काय? काही ठिकाणी तसं होतं, आणि तिथे राहावंच. पण बहुतेक जागांची खोली तिथे किती रात्री झोपलो यावर ठरत नाही, जाताना काय ठाऊक होतं यावर ठरते. नारा क्योतोहून पाऊण तासावर आहे. हरणांना बिस्किटं भरवून, फोटो काढून दोन तासांत परतणारे पुष्कळ. पण तोदाइजीतल्या त्या प्रचंड बुद्धमूर्तीचे डोळे ७५२ साली बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूने उघडले, त्याच्या कुंचल्याला बांधलेले लांब दोर जमलेल्या लोकांनी हातात धरले होते, आणि मूर्ती पुढे अनेकदा पडझड होऊन नव्याने ओतली गेली, एवढं माहीत असलं की तिथला एक दिवस भरगच्च होतो. त्याच वाटेवर उजी आहे, चहाचं गाव. तिथलं १०५३ सालचं फिनिक्स-सभागृह दहा येनच्या नाण्यावर छापलेलं असतं. नाणं खिशात घेऊन जा आणि ताडून बघ. आवडलं तर दोन दिवसांनी पुन्हा जा, तिकीट फार नाही. आठ शहरांच्या तक्त्यात ‘पुन्हा’ हा रकानाच नाही.

राहावंच अशा जागा माझ्या मते दोन. पहिली हिरोशिमा. क्योतोहून पावणेदोन तासांत पोचता येतं म्हणून लोक शांती संग्रहालय आणि मियाजिमा बेट एका दिवसात उरकतात. ६ ऑगस्ट १९४५ च्या सकाळी सव्वाआठला थांबलेलं घड्याळ बघून लगेच बोट पकडायला धावू नये, इतकंच म्हणतो. म्हणून तिथे दोन रात्री लिहिल्या आहेत. मियाजिमा दुसऱ्या दिवशी, भरती-ओहोटीच्या वेळा बघून. दुसरी जागा कोयासान, कुकाई या भिक्षूने नवव्या शतकात डोंगरावर वसवलेलं मठांचं गाव. तिथे मठात राहता येतं, आणि ओकुनोइनची दोन लाखांहून जास्त समाध्यांची वाट संध्याकाळी चालावी. तिथल्या विद्यापीठात बाबासाहेबांचा पुतळा आहे, २०१५ साली बसवलेला. पण यासाठीही खुंटा उपटू नकोस. मोठी बॅग क्योतोच्या हॉटेलात ठेवून, पाठीवरची पिशवी घेऊन एका रात्रीसाठी जा.

कोयासानला तुझ्या जेवणाचीही चंगळ होईल. मठातल्या जेवणात मांस-मासे नाहीतच, कांदा-लसूणही नाही, बारमाही चातुर्मास. इतरत्र शाकाहाराचं अवघड आहे. दिसायला निव्वळ भाज्या घातलेल्या उदोन शेवया असतात आणि खालचं पाणी सुकवलेल्या माशाच्या अर्काचं, म्हणजे ‘दाशी’चं. रोज नव्या शहरात रोज नव्याने हे विचारत फिरणं दमवणारं आहे. सहा रात्री एका गल्लीत काढल्या की तिसऱ्या दिवशी आपली दोन दुकानं सापडतात आणि तिथला माणूस आपल्याला काय चालत नाही हे लक्षात ठेवतो. एकट्याने जेवणाऱ्याचं तिथे कुणाला नवल नाही. कट्ट्यापुढे एकेक खुर्ची मांडलेली असते, आणि बिझनेस हॉटेलांत एकट्यापुरत्या खोल्या असतात, चिंचोळ्या पण नेटक्या. आपल्याकडच्या सहल कंपन्या एकट्या प्रवाशाकडून जादा खोलीभाडं घेतात, ती फोडणी तिथे बसत नाही.

राहिली तुझ्या आईची काळजी. तिला कुणीतरी आनंदीबाई जोशींचं उदाहरण देईल, १८८३ साली अठरा वर्षांची मुलगी नवऱ्याशिवाय अमेरिकेला गेली वगैरे. देऊ देऊ नकोस. त्या शिकायला गेल्या होत्या, जिवाचं मोल देऊन शिकल्या. आपल्या पानं बघायच्या सहलीला त्यांची साक्ष कशाला? आईला आकडा दे: आठ पत्त्यांऐवजी तीन पत्ते. रात्री परतताना रोज तीच गल्ली, तेच स्टेशन, तोच जिन्याचा क्रमांक. अनोळखी शहरातली पहिली रात्र सगळ्यात बावचळलेली असते. तुझ्या बेतात अशा आठ होत्या, आता तीन. टोकियोच्या गाड्या मध्यरात्रीच्या सुमारास थांबतात आणि पहाटे पाचच्या आसपास सुरू होतात, तेव्हा अकराच्या आत परतायचं. गर्दीच्या वेळी बऱ्याच मार्गांवर बायकांचे वेगळे डबे असतात. पोलिसांचा क्रमांक ११०, रुग्णवाहिकेचा ११९. देश सुरक्षित म्हणून ख्यात आहे, पण ख्यातीवर विसंबून कुणी खोलीचं दार उघडं टाकत नाही.

यात तुझं नुकसान होणार हे मी लपवत नाही. ताकायामाची जुनी लाकडी घरं आणि कानाझावाची केनरोकुएन बाग सुटणार. जपानच्या तीन थोर बागांत केनरोकुएनची गणना होते, त्यामुळे हा तोटा खराच. पण त्या तिघींतली दुसरी, कोराकुएन, ओकायामात आहे, आणि ओकायामा हिरोशिमा-क्योतोच्या वाटेवरच लागतं. स्टेशनच्या लॉकरमध्ये बॅग टाकून अर्धा दिवस उतर. १७०० साली पुरी झालेली ही बाग तुला ओळखीची वाटेल, कारण सिंहगड रस्त्यावरचं आपलं पु. ल. देशपांडे उद्यान तिच्यावरूनच बेतलेलं आहे. तेव्हा जायच्या आधी एक संध्याकाळ तिथे काढ, आणि जमलं तर पुलंचं प्रवासवर्णन ‘पूर्वरंग’ही पुन्हा वाच.

व्हिसाच्या अर्जासोबत रोज कुठे असणार याचं वेळापत्रक द्यावं लागतं. तो कागद भरण्याआधी तीन मुक्कामांचा नवा तक्ता करून मला पाठव. फुजीच्या रकान्यात तारीख लिहू नकोस. तिथे ‘टोकियो’ एवढंच लिही.

तुझा,
मामा