सुपरकार घरी बनवायची आहे? आधी हे वाचा

हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर एक तरी खोली अशी असते जिच्या भिंतीवर लॅम्बोर्गिनीचं पोस्टर असतं. आमच्या खोलीत दोन होती. फरक एवढाच की मी त्या पोस्टरवर पट्टी लावून चाकांमधलं अंतर मोजायचो. दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळी सुट्टीत मी ते वेड घेऊन गावी गेलो. गाव दिंद्रुड, तालुका माजलगाव, जिल्हा बीड. वडिलांचं, म्हणजे आमच्या अण्णांचं, रस्त्याला लागून वेल्डिंगचं दुकान आहे. उसाच्या ट्रॉल्या, फाटके, गोठ्याचे अँगल अशी कामं चालतात. मशीन घरचं, जागा घरची, मग गाडी का नाही, असा माझा सरळ हिशोब होता.

तो हिशोब कुठे बरोबर आला आणि कुठे चुकला, ते क्रमाने सांगतो. मेकॅनिकलवाल्यांना उपयोग होईलच, बाकीच्यांनीही वाचायला हरकत नाही.

१) किट कार म्हणजे काय?

किट कार म्हणजे सुट्या भागांत विकत मिळणारी गाडी. चासी आणि बॉडी कंपनी देते. इंजिन, गिअरबॉक्स, हब, ब्रेक हे एखाद्या जुन्या गाडीतून आपण काढायचे. त्या जुन्या गाडीला डोनर म्हणतात. ही पद्धत इंग्लंडमध्ये रुजली. १९५७ साली कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने 'सेव्हन' ही हलकी गाडी आणली. तयार गाडीवर तिथे खरेदी कर होता, सुट्या भागांवर नव्हता, म्हणून लोक खोकी घरी नेऊन गॅरेजात गाडी जोडायचे. १९७३ मध्ये करपद्धत बदलली आणि त्याच वर्षी त्या गाडीचे हक्क केटरहॅमकडे गेले. पुढे १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन या शिक्षकाने चौकोनी पाइप आणि भंगारातली गाडी वापरून तशीच गाडी अगदी स्वस्तात कशी करावी यावर पुस्तक लिहिलं. त्यावरून 'लोकॉस्ट' हा प्रकारच सुरू झाला.

आपल्याकडेही उदाहरणं आहेत. अलिबागजवळ कार्लेखिंडीत चिंकारा मोटर्सने सेव्हनच्या धाटणीची रोडस्टर बनवली. फायबरची बॉडी आणि अँबेसेडरमध्ये येणारं इसुझूचं १.८ लिटर इंजिन. दिलीप छाब्रिया यांच्या डीसीने २०१२ च्या दिल्ली ऑटो एक्स्पोमध्ये 'अवंती' दाखवली, तिचं इंजिन रेनॉचं. आणि सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार तर सगळ्यांना माहीत आहेत. त्यांनी भंगारातून जीपसारखी छोटी गाडी केली, तीही किक मारून सुरू होणारी. २०२१ च्या डिसेंबरात आनंद महिंद्रा यांनी तिचं कौतुक केलं आणि २०२२ च्या जानेवारीत त्या गाडीच्या बदल्यात लोहार कुटुंबाला बोलेरो मिळाली. मी ही बातमी कापून अण्णांना दाखवली होती. अण्णा म्हणाले, "त्यो माणूस आधी लोहार हाय, मग गाडीवाला. तू आधी काय हाईस?" तेव्हा मला ते टोमणा वाटलं.

२) डोनर कसा निवडायचा?

सुपरकारची खूण म्हणजे इंजिन ड्रायव्हरच्या मागे आणि मागच्या चाकांच्या पुढे. आता असं इंजिन आणायचं कुठून? युक्ती सोपी आहे. मारुती ८०० सारख्या फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीत इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि दोन ड्राइव्ह शाफ्ट असा एकच गठ्ठा असतो. तो गठ्ठा जसाच्या तसा उचलून मागे बसवायचा. जगातल्या बऱ्याच मिड इंजिन गाड्या याच तत्त्वावर आहेत.

आम्ही ८०० च घेतली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, सुमारे ३७ बीएचपी. पोरं हसली. पण ताकद नुसती बघायची नसते, वजनाने भागायची असते. साधारण ६५० किलोच्या गाडीत ३७ बीएचपी म्हणजे टनाला ५७. एस्टीमचं एमपीएफआय इंजिन ८५ बीएचपीचं. तेवढ्याच वजनात ते बसवलं तर टनाला १३१. मॅक्लारेन एफ१ ची ६१८ बीएचपी आणि ११३८ किलो, म्हणजे टनाला ५४३. तेव्हा मनातून 'सुपर' हा शब्द काढून टाका. पहिल्या गाडीला कमी ताकदीचंच इंजिन घ्या. चूक झाली तर कमी वेगात होते.

भंगारातली गाडी घेताना कागद घ्या. बिनकागदाचं इंजिन कितीही स्वस्त मिळालं तरी चोरीचं निघालं तर पोलीस ठाण्यात आपणच उभे राहतो.

३) सांगाडा

आम्ही २५ बाय २५ मिमीचा, १.६ मिमी जाडीचा चौकोनी पाइप वापरला. लोकॉस्टवाले साधारण हाच वापरतात. जाडी वाढवून सांगाडा मजबूत होत नाही, त्रिकोणांनी होतो. घरची बाज आठवा. नुसतं लाकडी चौकट असताना एका कोपऱ्याला धक्का दिला की ती तिरकी होते. सुंभ तिरका विणून ताणला की गप्प बसते. प्रत्येक चौकोनात कर्ण टाकायचा तो याचसाठी.

मोजायची रीत अशी. मागची बाजू घट्ट बांधायची, पुढे आडवा लोखंडी दांडा लावायचा आणि मध्यापासून एक मीटरवर ५० किलोचं पोतं टांगायचं. म्हणजे ४९० न्यूटन मीटर पीळ बसला. सांगाडा किती अंश वळला ते बघून भागाकार करायचा. आमचा आधी १.४ अंश वळला, म्हणजे अंशाला ३५०. इंजिनच्या कप्प्यात कर्ण टाकल्यावर अर्धा अंश, म्हणजे ९८०. वजन वाढलं फक्त चार किलो.

वेल्डिंगचं म्हणाल तर पातळ पाइपवर साध्या आर्कने भोकं पडतात, मिग बरं. आधी सगळीकडे टाके मारायचे, दोन्ही कर्ण टेपने मोजून सारखे आले की मगच पूर्ण वेल्ड, आणि तेही एकदा डावीकडे एकदा उजवीकडे. नाहीतर उष्णतेने सांगाडा केळ्यासारखा वाकतो.

४) हब, टो लिंक आणि ब्रेक

इथे लक्ष द्या. ८०० चा पुढचा हब मागे लावला की त्याच्या स्टिअरिंगच्या हाताचं काय करायचं? तो मोकळा सोडला तर मागची चाकं आपोआप वळतील. म्हणून तो हात एका रॉडने चासीला बांधायचा. हीच टो लिंक. तिचं आतलं टोक खालच्या आर्मच्या सांध्याच्या रेषेत हवं. नसेल तर खड्ड्यात चाक वर गेलं की ते आपण न वळवता वळतं, त्याला बंप स्टिअर म्हणतात. पुढे आम्ही दुसऱ्या ८०० चे तसेच हब लावले. तिथे ड्राइव्ह शाफ्ट नको असला तरी बाहेरच्या सीव्ही जॉइंटचा आटे असलेला तुकडा हबमध्ये ठेवावाच लागतो, बेअरिंग त्यानेच आवळलेलं राहतं.

ब्रेकचं गणित मला वर्गात समजलं नव्हतं, अंगणात समजलं. ड्रायव्हर धरून गाडी ७२० किलो. इंजिन मागे, म्हणून पुढे ४२ टक्के म्हणजे ३०२ किलो आणि मागे ४१८. गुरुत्वमध्याची उंची ०.४५ मीटर आणि व्हीलबेस २.३ मीटर धरा. जोरात ब्रेक मारला, समजा ०.८ जी, की ७२० गुणिले ०.८ गुणिले ०.४५ भागिले २.३, म्हणजे सुमारे ११३ किलो भार मागून पुढे जातो. आता पुढे ४१५, मागे ३०५. पण चारही चाकांना एकच डिस्क असेल तर ब्रेक पन्नास-पन्नास लागतो. मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी गरकन फिरते. म्हणून दोन मास्टर सिलिंडर आणि मध्ये बॅलन्स बार. "चारी चाकांना डिस्क लावली, आता काय भीती" असं म्हणणाऱ्यांनी हे गणित एकदा स्वतः करावं.

५) खर्च

गाडी ३०,०००, पाइप आणि पत्रा ११,०००, वेल्डिंगचं सामान ६,०००, टायर, हब आणि ब्रेकचे नवे भाग १७,०००, सीट, पट्टे, टाकी ८,००० आणि किरकोळ ५,०००. एकूण ७७,०००. त्यातले ४०,००० अण्णांनी उसाच्या बिलातून दिले. बॉडीवर एक रुपया खर्च झाला नाही, कारण तिथपर्यंत आम्ही पोचलोच नाही. फायबरचा फक्त एक छोटा नमुना करून पाहिला. त्यातली एकच गोष्ट सांगतो. रेझिनमध्ये कोबाल्ट आधी मिसळायचं, हार्डनर नंतर. ही दोन रसायनं थेट एकत्र आली तर स्फोट होऊ शकतो. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात हार्डनर जरा जास्त झालं की डबा हातात असतानाच रेझिन दगड होतं.

६) जे सांगायला हा लेख लिहिला

दुसऱ्या सेमिस्टरच्या नव्हे, तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीच्या सुट्टीत गाडी चाकांवर आली. परत यायच्या आदल्या दिवशी माझ्या लक्षात आलं की उजव्या टो लिंकची पट्टी रेषेत नाही. मी ती ग्राइंडरने कापली आणि नव्या जागी लावली. रात्र झाली होती, लाइट जाऊन-येऊन होती. एका बाजूने वेल्ड मारला, दुसरी बाजू सकाळी मारू म्हणून ठेवली. सकाळी विसरलो. हे कोणाला सांगितलंही नाही.

गाडी आधी कोणी चालवायची यावर घरात गंमत चालली होती. माझा चुलतभाऊ, आमचा दादा, मोठा, म्हणून मान त्याचा. तो पोलीस भरतीची तयारी करत होता. रोज पहाटे सिरसाळ्याच्या रस्त्याने पळायचा. मैदानी चाचणी सव्वा महिन्यावर होती. शेतातल्या गाडीवाटेने तो निघाला, वेग असेल तीसच्या आसपास. तिसऱ्या गचक्याला पट्टी उचकटली, उजवं मागचं चाक बाहेर वळलं, गाडी फिरून बांधाला धडकली. पट्टे होते म्हणून डोकं वाचलं. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर सहा आठवड्यांचं. त्या भरतीत दादाला गोळा उचलता आला नाही.

अण्णांनी पट्टी उचलून पाहिली. एका बाजूला वेल्ड, दुसरी बाजू कोरी. ओरडले नाहीत. म्हणाले, "ट्रॉलीचा जोड तुटला तर ऊस सांडतो. ह्याच्यात माणूस बसतो. येवढं कळायला कालेजात जावं लागतंय व्हय?"

मित्रांनो, माझं गणित बरोबर होतं. पिळाचं, ब्रेकचं, सगळं. वेल्ड अर्धा होता. कागदावर वेल्ड दिसत नाही.

त्यानंतर मी एक वही केली. प्रत्येक जोडाला नंबर, कोणी मारला, कोणी तपासला, दोन सह्या. जो मारेल त्याने तपासायचा नाही. आपल्या बाजाच्या टीमने हीच वही घेतली आहे आणि सह्या पूर्ण नसतील तर गाडी स्टँडवरून उतरत नाही.

७) रस्त्यावर चालेल का?

नाही. हे स्पष्टच सांगतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ प्रमाणे वाहनाचा नमुना मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. पुण्याची एआरएआय किंवा अहिल्यानगरची व्हीआरडीई या त्यातल्या आपल्या जवळच्या. तो खर्च आणि तो रस्ता कंपन्यांसाठी आहे. ८०० च्याच नंबरावर नवी बॉडी चढवू म्हणाल, तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मूळ रचनेत असा फेरफार चालणार नाही असं सांगितलं आहे. इंग्लंडमध्ये घरी केलेली एकेक गाडी तपासून नंबर देण्याची सोय आहे, आपल्याकडे तशी वाट नाही.

मग हौस करायची कुठे? बाजा एसएईइंडिया २००७ पासून आहे, सुप्रा २०११ पासून. तिथे नियम आहेत आणि आपल्या कामावर नजर टाकणारा परका माणूस आहे. फॉर्म्युला स्टुडंटच्या नियमांत ड्रायव्हरच्या डोक्यामागच्या कमानीला २५ मिमी व्यासाचा आणि २.५ मिमी जाडीचा पाइप लागतो. आमच्या गाडीला अशी कमानच नव्हती. बांधाऐवजी चर असता तर हा लेख मी लिहिला नसता.

आमचा सांगाडा दिंद्रुडला दुकानामागे उभा आहे. इंजिन विकून अण्णांचे काही पैसे परत केले. दादाने पुढच्या भरतीची तयारी चालू ठेवली, यंदा मैदानात उतरला, १६०० मीटर पूर्ण पळाला आणि त्याच हाताने गोळा टाकला. निकाल अजून लागायचा आहे. हा लेख छापायला देऊ का म्हणून त्याला विचारलं. म्हणाला, "दे. पण त्या वेल्डचं गाळू नकोस."

ती पट्टी वर्कशॉपमध्ये वेल्डिंगच्या टेबलावर ठेवली आहे. ज्युनिअर मित्रांनी एकदा हातात घेऊन बघावी. दोन्ही बाजूंनी.